सॅक्रामेंटोचा हक्काचा राग

फॉल्समहून सॅक्रामेंटोला निघालेल्या गोल्ड लाइनच्या डब्यात माझ्या भाच्यानं पाठीवरच्या सॅकमधून एक पायमोजा बाहेर काढला. मोज्यात घंटा होती. गाईच्या गळ्यात असते तसली, पत्र्याची, कडेला पोचे आलेली. वाटेत वाजू नये म्हणून मोज्यात कोंबलेली. "ट्रेनमध्ये वाजवली की आई ओरडते, मावशी," एवढं सांगून त्यानं ती पुन्हा आत टाकली.

तारीख १६ एप्रिल २०२५, बुधवार. संध्याकाळी सातला सॅक्रामेंटो किंग्ज आणि डॅलस मॅव्हरिक्स यांचा बास्केटबॉलचा सामना होता. हरेल त्याचा हंगाम त्याच रात्री संपणार. डब्यात जांभळे टी-शर्ट भरपूर होते, पण जत्रेला निघालेल्यांचा गलका नव्हता. रिपोर्ट आणायला दवाखान्यात निघाल्यासारखी माणसं गप्प बसली होती.

'हक्काचा राग' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मला आधी सासू-सुना आठवल्या, मग नळाला पाणी न आलेली चाळ. फोनवर फॉल्सममधल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "राग बघायचा असेल तर आमच्याकडे ये. आमच्या घरी दोघं जण वर्षाचे ब्याऐंशी सामने रागावतात." एनबीए या बास्केटबॉल लीगमधला एक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो, हे मला त्या वाक्यातून कळलं. म्हणून मी गेले.

सत्तावीस आणि चौदा

घंटेची गोष्ट मेहुण्यांनी सांगितली. सॅक्रामेंटो कॅलिफोर्नियाची राजधानी असली तरी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांच्या लेखी ते शेतीवाडीतलं गाव. लॉस एंजेलिस लेकर्सचे कोच फिल जॅक्सन यांनी या गावाच्या गावंढळपणावर जाहीर टोमणे मारले. गावानं टोमणा झेलला आणि गाईच्या घंटा घेऊनच स्टेडियम गाठलं. जुन्या आर्को अरीनात हजारो घंटा एकदम वाजायच्या तेव्हा पाहुण्या खेळाडूंना शेजारच्याचं बोलणंही ऐकू जात नसे. भाच्याची घंटा त्या काळातली. शेजारच्या आजोबांनी घर बदलताना दिलेली.

त्या काळाचा शेवट म्हणजे २००२. वेस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम मालिका, समोर लेकर्स. सात सामन्यांत जो आधी चार जिंकेल तो पुढे. चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी सुटा झालेला चेंडू रॉबर्ट हॉरीच्या हातात आला आणि त्यानं तिथूनच थ्री-पॉइंटर मारून किंग्जच्या तोंडचा घास काढला. सहाव्या सामन्याच्या एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. पंचगिरीबद्दलची ती बोंब आजही शमलेली नाही. भाचा २००९ चा, सामन्यानंतर सात वर्षांनी जन्मलेला. पण 'सत्तावीस' हा आकडा तो असा उच्चारतो की पानिपतच आठवावं.

मी विचारलं, "आणि सातवा सामना?"

"हरलो. ओव्हरटाइममध्ये."

मेहुणे चहा ढवळत होते. ते म्हणाले, "ताई, त्या सातव्या सामन्यात आपल्याला ३० फ्री थ्रो मिळाले होते. १४ हुकले. घरच्या मैदानावर."

भाच्यानं बापाकडे असं पाहिलं की जणू त्यानं घरातली गोष्ट पाहुण्यासमोर काढली.

फ्री थ्रो म्हणजे काय, तर कुणी अडवायला नाही, घाई नाही, १५ फुटांवरून निवांत टाकायचा चेंडू. सामना सहा गुणांनी गेला आणि हुकले १४. पण गावानं उराशी धरले ते दुसऱ्यांना मिळालेले २७. राग आपला आकडा स्वतः निवडतो. पुढचे दहा दिवस मी हेच पाहत होते: या गावानं पुढे कोणते आकडे निवडले?

पायगुण

मेहुणे नोकरीसाठी या गावात आले २००६ च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे त्यांच्या भाषेत दसऱ्याला. त्याच वर्षीच्या वसंतात किंग्ज प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, खेळले होते. त्यानंतर जे थांबले ते थेट २०२३ पर्यंत. लागोपाठ १६ हंगाम प्लेऑफविना. एनबीएच्या इतिहासात इतकी वाट कुणीच पाहिलेली नाही. बहीण याला नवऱ्याचा पायगुण म्हणते. सोळा वर्षं तिनं हा विनोद केला आहे आणि सोळा वर्षं तो हसला आहे.

पायगुणापलीकडचं कारण शोधायला गेलं की गाव कोचांची यादी म्हणून दाखवतं. रिक अ‍ॅडलमन आठ हंगाम कोच होते आणि आठही हंगामांत संघ प्लेऑफमध्ये गेला. २००६ मध्ये त्यांचा करार वाढवला नाही. पुढच्या १६ वर्षांत अकरा जण त्या खुर्चीत बसले: मसलमन, थीअस, नॅट, वेस्टफाल, स्मार्ट, मलोन, कॉर्बिन, कार्ल, योर्गर, वॉल्टन, जेंट्री. भाचा ही नावं रामरक्षेसारखी एका दमात म्हणतो.

आठ वर्षं एक कोच, आठदा प्लेऑफ. सोळा वर्षांत अकरा, एकदाही नाही. हिशोब सरळ वाटतो, पण तो उलटाही मांडता येतो. हरणारा संघच कोच बदलतो; जिंकणारा कशाला बदलेल? ताप आहे म्हणून पट्ट्या ठेवल्या की पट्ट्यांमुळे ताप आला, हे आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी एकेक बदल उघडून पाहावा लागतो.

मायकेल मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये काढलं. तेव्हा संघ ११ जिंकून १३ हरलेला. पण त्या पडझडीच्या काळात संघाचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स विषाणूजन्य मेंदूज्वरानं घरी होता. आजारी खेळाडू बरा व्हायच्या आत कोच गेला. मलोन पुढे डेन्व्हरला गेले, तिथे दहा हंगाम टिकले आणि २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. डेव्ह योर्गर यांनी २०१८-१९ मध्ये ३९ सामने जिंकले. २००६ नंतरची ती सगळ्यात चांगली कामगिरी होती. हंगाम संपताच त्यांनाही नारळ मिळाला.

खांद्याला खांदा घासून

कोच बदलला की नेमकं काय बिघडतं? बाहेरून पाहणाऱ्याला कोच म्हणजे कडेला उभा राहून ओरडणारा सुटातला माणूस. भाच्यानं मला टीव्हीवर २०२२-२३ चा एक जुना सामना लावून दिला आणि रिमोट हातात घेतला.

त्या हंगामासाठी माइक ब्राउन कोच म्हणून आले होते. त्यांच्या खेळाचा खांब होता लिथुआनियाचा उंच, रुंद डोमांटास सबोनिस. तो बास्केटकडे पाठ करून फ्री थ्रोच्या रेषेजवळ चेंडू घेऊन उभा राहतो. साथीदार कोपऱ्यातून धावत येतो आणि सबोनिसच्या अंगाला इतकं चिकटून जातो की दोघांचे खांदे घासतात. जाता जाता तो चेंडू हातातून हातात घेतो. मागे लागलेला प्रतिस्पर्धी सबोनिसच्या देहावर आपटतो आणि अर्धा सेकंद मागे पडतो. थ्री-पॉइंटरला तेवढा पुरतो. अडवणारा आधीच पुढून आडवा आला, तर धावणारा वाटेतच वळून बास्केटखाली शिरतो. चेंडू द्यायचा की फसवायचा, धावायचं की वळायचं, हे दोघांनी न बोलता एकाच वेळी ठरवायचं असतं.

"ही जुगलबंदी आहे," मी म्हणाले.

"ही प्रॅक्टिस आहे," भाचा म्हणाला.

त्याचंच बरोबर होतं. असली समज शेकडो वेळा चुकल्यावर अंगात मुरते. बचावाचंही तसंच. समोरच्यानं आडवा माणूस घातला तर आपण आपापसात माणसं बदलायची, की उंच खेळाडूनं मागे सरकून बास्केट राखायचं? एका कोचची सवय एक, दुसऱ्याची दुसरी. दर दीड वर्षानं कोच बदलला की पाय जुनं करतात आणि डोकं नवं सांगतं. त्या घोटाळ्यात समोरचा दोन गुण करून परत निघालेलाही असतो.

ब्राउन यांच्या त्या हंगामातले पहिले चारही सामने संघ हरला. कुणी घाई केली नाही. शेवटी ४८ विजय, पश्चिमेत तिसरं स्थान, आणि ब्राउन एकमतानं वर्षाचे सर्वोत्तम कोच. मतदार पत्रकारांचं असं एकमत या पुरस्कारात त्याआधी कधी झालं नव्हतं. प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटर या नव्या स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आभाळात सोडायची प्रथा त्याच वर्षी पडली. सामना संपला की सगळं स्टेडियम झोत पेटवा म्हणून गर्जायचं आणि एखादा खेळाडू मोठं बटण दाबायचा. फॉल्सममधल्या घराच्या मागच्या अंगणातून तो झोत शोधायला मेहुणे स्टुलावर चढत.

प्लेऑफमध्ये गाठ पडली गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. प्लेऑफ हा वेगळाच खेळ असतो. नियमित हंगामात आज इथे, परवा तिथे. समोरच्याचा अभ्यास करायला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये तोच संघ चार ते सात वेळा समोर येतो आणि दोन कोच एकमेकांची कुलपं उघडत बसतात. वॉरियर्सनी शोधलं ते असं की सबोनिसला लांबून टाकायला आवडत नाही. मग त्यांचा केव्हॉन लूनी त्याच्यापासून दोन पावलं मागे बास्केटजवळ उभा राहू लागला. सबोनिसच्या अंगावर आपटायला कुणी राहिलंच नाही. खांद्याला खांदा घासून मिळणारा अर्धा सेकंद आटला. चौथा सामना १२६-१२५, एका गुणानं गेला. त्याच सामन्यात किंग्जचा बिनीचा खेळाडू डीॲरन फॉक्सच्या नेमबाजीच्या हाताचं बोट मोडलं. तरी मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली. सातव्यात स्टेफ करीनं ५० गुण केले आणि लूनीनं २१ रिबाउंड घेतले. किंग्ज २० गुणांनी हरले.

त्या पराभवाचा राग मला कुणाच्याच तोंडी सापडला नाही. हरले ते ओळखीच्या संघासारखे हरले, आपला खेळ खेळून हरले. गावाला तेवढं पुरलं होतं.

गाडीतला फोन

मग राग आला कुठून? २७ डिसेंबर २०२४ च्या दुपारच्या बातमीतून.

आदल्या रात्री किंग्ज घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून ११४-११३ हरले होते. शेवटचे तीन सेकंद उरले असताना डेट्रॉइटच्या जेडन आयव्हीनं थ्री-पॉइंटर टाकला, त्यातच फॉक्सनं त्याला धक्का दिला. बास्केटचे तीन आणि फ्री थ्रोचा एक, असे चार गुण एका फटक्यात गेले. लागोपाठ पाचवा पराभव. संघ १३ जिंकून १८ हरलेला. दुसऱ्या दिवशी ब्राउन यांना काढल्याची बातमी आली. सहाच महिन्यांपूर्वी त्यांचा करार वाढवला होता. सराव उरकून विमानतळाकडे निघालेल्या ब्राउनना गाडीत फोनवर हे कळवलं, यावर डेन्व्हरहून मलोन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच घरातून आधी निघालेल्या सुनेनं नव्या सुनेची बाजू घ्यावी, तसं ते होतं.

फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. ब्राउन यांच्या खुर्चीत बसले होते डग क्रिस्टी, २००२ च्या त्या संघातले लाडके खेळाडू. गाव त्यांच्यावर रागवू शकत नव्हतं. आपलाच माणूस, आणि आपलं सत्तावीसचं दुःख स्वतः भोगलेला.

पंच झाले, कोच झाले, आता रागाला जागा उरली ती वर. या गावाचा राग वीस वर्षांत एकेक पायरी चढत गेला आहे. मैदानावरून बाकावर, बाकावरून कचेरीत, आणि आता मालकाच्या दारात. त्या दारावरची पाटी वाचून माझे कान टवकारले.

दारावरची पाटी

विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले, एमआयटीत शिकलेले, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी उभारणारे. २०१३ पासून किंग्जच्या मालकगटाचे प्रमुख. एनबीए संघाची प्रमुख मालकी मिळवणारे भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ. आपल्याकडे अशा बातमीवर आपण खूश होतो आणि पान उलटतो. पुढची पानं सॅक्रामेंटोला वाचावी लागली.

त्यातलं पहिलं पान मात्र कृतज्ञतेचं आहे. २०१३ च्या सुरुवातीला किंग्ज जवळजवळ गेलेच होते. आधीच्या मालक कुटुंबानं संघ सिएटलच्या खरेदीदारांना विकायचं ठरवलं होतं. महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीएचे माजी खेळाडू, यांनी संघ गावात ठेवणारे मालक गोळा केले. रणदिवे तेव्हा वॉरियर्सचे भागीदार होते. तो हिस्सा सोडून ते पुढे आले. मे महिन्यात लीगच्या मालकांनी स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळलं. नव्या स्टेडियमसाठी शहरानं सार्वजनिक पैशातून साडेपंचवीस कोटी डॉलर घातले आणि २०१६ मध्ये गोल्डन वन सेंटर उघडलं.

म्हणजे या रागात हक्क दोन्हीकडचा आहे. गावानं पैसे मोजलेत, म्हणून विचारायचा हक्क. आणि मालकानं ऐन वेळी हात दिला नसता तर रागवायला संघच नसता. गहाण पडलेलं घर ज्या काकांनी सोडवलं, त्याच काकांनी पुढे घरात रोज नवा स्वयंपाकी आणला, तर पंगतीत बसलेल्यांनी काय बोलावं? मेहुण्यांची हीच पंचाईत आहे. ते चिडतात, चिडून झालं की "पण तो माणूस नसता तर..." म्हणतात, आणि मग त्या 'पण'वरच पुन्हा चिडतात.

रणदिव्यांची एक जुनी गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये ती लिहिली. मुलीच्या शाळकरी संघाचे कोच झाले तेव्हा रणदिव्यांनी स्वतः हा खेळ कधी खेळलेला नव्हता. मोठमोठे संघ गुण केला की निमूट आपल्या अर्ध्यात परततात हे त्यांना खुळेपणाचं वाटलं. त्यांनी मुलींना पूर्ण मैदानभर, पूर्ण वेळ प्रतिस्पर्ध्याला घेरायला लावलं आणि तो बेताचा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. गोष्ट छान आहे. पण बाहेरून आलेल्याला आतल्यांपेक्षा जास्त दिसतं, हा तिचा बोध बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या स्पर्धेत जितका खरा, तितका ८२ सामन्यांच्या धकाधकीत खरा राहतो का? गावाचं उत्तर ठरलेलं आहे. माझं ठरायला वेळ लागला, कारण त्या गोष्टीतल्या हुशार मुंबईकराचा अभिमान मलाही वाटलाच होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिव्यांनी हा संघ मुंबईत आणला. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स दोन सराव सामने खेळले. भारतात एनबीए संघ पहिल्यांदाच खेळत होते. पहिला सामना किंग्ज ओव्हरटाइममध्ये एका गुणानं हरले, १३२-१३१. दुसराही हरले. मेहुणे म्हणतात, "ताई, आमचा संघ सासरी हरतो आणि माहेरीही."

झोत नसलेलं आभाळ

गोल्डन वन सेंटरचे विमानाच्या हँगरसारखे प्रचंड दरवाजे चौकाकडे उघडतात. आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. भाच्यानं घंटा मोज्यातून काढून मांडीवर ठेवली.

नववा विरुद्ध दहावा, असा हा प्ले-इन सामना. जिंकणाऱ्याला प्लेऑफच्या दारात आणखी एकदा उभं राहायला मिळणार, हरणारा घरी. बरोबर एक वर्षापूर्वी, १६ एप्रिल २०२४ लाच, याच स्टेडियममध्ये किंग्जनी वॉरियर्सना असंच घरी पाठवलं होतं. त्या रात्री वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसननं दहा प्रयत्न केले आणि दहाही हुकले. शून्य गुण. आता तो डॅलसच्या निळ्या कपड्यांत उतरला होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं एक थ्री-पॉइंटर टाकला. मग आणखी एक. तिसऱ्याला चेंडू हातातून सुटल्यावर आमच्या पुढचे गृहस्थ जाळ्याकडे न बघता मान खाली घालून बुटाची नाडी बांधू लागले. जाळं वाजलेलं मला वरच्या मजल्यावरही ऐकू आलं, इतकी शांतता होती.

सबोनिस उभा होता, माणसं त्याच्याभोवती धावत होती, पण खांदे घासत नव्हते. मध्ये हातभर अंतर राहत होतं. दहा दिवसांपूर्वी मला ते दिसलं नसतं. १२०-१०६. घंटा मांडीवरून हललीच नाही.

बाहेर पडताना लोक सवयीनं वर बघत होते. आभाळ नुसतंच आभाळ होतं.

परतीच्या डब्यात फोन वाजू लागले. जनरल मॅनेजर मॉन्टी मॅकनेअर आणि संघ यांनी फारकत घेतली होती. सामना संपून तास-दोन तासही झाले नव्हते. ब्राउनना आणणारेही तेच होते. मेहुण्यांनी बातमी मला दाखवली आणि स्क्रीन बंद केली. "आणखी एक," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्याचीच मला काळजी वाटली.

मी परत आले आणि उन्हाळा गेला. किंग्जनी २०२२ मध्ये देऊन टाकलेला टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला थेट अंतिम मालिकेत घेऊन गेला. माइक ब्राउन न्यू यॉर्क निक्सचे कोच झाले. प्रत्येक बातमीबरोबर भाच्याचा निरोप यायचा. शब्द नाहीत, फक्त घंटेचं चित्र.

ऑगस्टमध्ये नव्या हंगामाचं वेळापत्रक लागलं. त्या रात्री बहिणीचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासमोर तिघं उभे होते. पहिला सामना २२ ऑक्टोबरला, फिनिक्समध्ये.

"पाडवा आहे गं त्या दिवशी," बहीण म्हणाली. "बलिप्रतिपदा."

मागून भाच्यानं विचारलं, बळी कोण. मेहुणे सांगू लागले: चांगला राजा होता, लोकांचा लाडका, त्याला पाताळात घातलं, आणि वर्षातून एकदा परत येऊ देतात.

"ओके," भाचा म्हणाला. "मग त्याला किती वर्षं झाली?"

आणि पलीकडे मोज्यातून काहीतरी काढल्याचा आवाज झाला. बहीण ओरडली.